आमच्या घरी मोडेम येतो

मध्यमवर्गीय माणसाच्या घरात नवी वस्तू कधी मुकाट्याने येत नाही. रेडिओ आला तेव्हा आजोबांनी त्याच्यासाठी सुताराकडून खास फळी करून घेतली होती म्हणे. गॅसची शेगडी आली तेव्हा आजी पहिले दोन महिने ती पेटवण्याआधी हात जोडत असे. टेलिफोनचे तर विचारूच नका! बाबांनी १९८४ साली अर्ज केला तेव्हा मी पहिलीत होते, आणि घरात फोनची घंटा वाजली तेव्हा मी आठवीत गेले होते. शेजारच्या चार बिऱ्हाडांना त्या दिवशी पेढे वाटले.

त्याच घरात, पुण्यातल्या कोथरूडच्या आमच्या जुन्या फ्लॅटात, यंदा २०२५ च्या आषाढात नवा मोडेम आला. नवा म्हणजे तिसरा. पहिला आला १९९९ साली, दुसरा २००५ साली आणि हा तिसरा. मी कॉलेजात मराठी शिकवते. यंत्रांशी माझा संबंध खडू आणि फळा यांच्यापुढे फारसा जाऊ नये, अशी आमच्या विभागाची समजूत आहे. पण हे तिन्ही मोडेम बसवण्याचे काम माझ्याच वाट्याला आले. त्यांची हकीकत सांगायची ती काही अंशी तुमच्या उपयोगी पडेल म्हणून, आणि काही अंशी एक जुने ओझे उतरवायचे आहे म्हणून.

पहिल्या मोडेमचे निमित्त होते आमचा दादा. १९९८ साली तो अमेरिकेला गेला. तेव्हा सन २००० उजाडताच जगातले सारे संगणक वर्ष विसरणार, अशी हाकाटी उठली होती आणि ते दुरुस्त करायला आमच्या दादासारखी पुष्कळ मुले तिकडे गेली. पत्र पोचायला पंधरा दिवस लागत, आणि फोनवर बोलायचे तर बाबांची नजर घड्याळावर. दादाने सुचवले, "घरी इंटरनेट घ्या, रोज पत्र पाठवीन." विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले होते आणि १९९८ च्या अखेरीपासून खासगी कंपन्यांनाही परवाने मिळू लागले होते. बाबांनी महिनाभर विचार केला, फंडातून पैसे काढले, आणि मी एके दिवशी बुधवार पेठेतून संगणकाच्या मागोमाग एक पांढरी डबी घेऊन आले.

"काय म्हणतात याला?" बाबांनी विचारले.

"मोडेम."

"मोडेल? मग घेतलास कशाला?"

हा विनोद पुढे वर्षभर आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ऐकावा लागला.

शब्दाची फोड अगदी सोपी आहे. ‘मॉड्युलेटर’ आणि ‘डीमॉड्युलेटर’ यांची डोकी जोडून ‘मोडेम’ झाला. पण त्याचे काम समजले की मौज वाटते. टेलिफोनची तार माणसाच्या बोलण्यासाठी घातलेली. सेकंदाला सुमारे ३०० ते ३,४०० कंपने, एवढ्याच पट्ट्यातला आवाज तिच्यातून जातो. बोलणे कळायला तेवढे पुरते. संगणकाला बोलता येत नाही. त्याच्यापाशी फक्त एक आणि शून्य. तेव्हा मोडेम त्या एक-शून्याचे स्वर करतो आणि तारेत गातो. पलीकडचा मोडेम ते गाणे ऐकून पुन्हा एक-शून्य करतो. १९६२ मध्ये अमेरिकेत निघालेला असा एक मोडेम सेकंदाला ३०० बिट नेई. आमचा ३३,६०० बिट नेणार होता. म्हणजे शंभरपटीहून अधिक चलाख. तरीही एक मेगाबाइट उतरवून घ्यायला त्याला चार मिनिटे लागत.

तो बसवायला मला दोन दिवस लागले. फोनची तार भिंतीतून मोडेममध्ये, मोडेममधून फोनमध्ये, दुसरी तार संगणकाच्या पाठीत, तिसरी विजेच्या फळीत. या मोडेमला हुकूम द्यायचा तर आधी ‘ए-टी’ अशी दोन अक्षरे लिहावी लागतात. ही रीत हेज नावाच्या अमेरिकन कंपनीने १९८१ साली घालून दिली. ए-टी म्हणजे ‘अटेन्शन’. मला एकदम आपले मंगलाष्टक आठवले. दोन अनोळखी जिवांची गाठ घालण्यापूर्वी ‘सावधान’ म्हणायची चाल आपल्याकडे किती जुनी!

आणि गाठ पडताना वाजंत्रीही असे. आधी फोनचा गुंजारव, मग क्रमांक फिरवल्याचे टुकटुक, मग पलीकडून एक लांब शीळ. त्या शिळेतही अर्थ आहे. लांबच्या लाइनवर आवाजाचा पडसाद दाबणारी यंत्रे बसवलेली असत, ती शीळ त्यांना सांगे, "आता तुम्ही मध्ये बोलू नका." त्यानंतर दोन्हीकडून खरखर, घरघर, किंकाळ्या. आई पहिल्या दिवशी स्वयंपाकघरातून धावत आली. "अगं, कुणाला चावतंय का ते?" ती खरखर म्हणजे दोन मोडेम तार किती चांगली आहे ते चाचपून, किती वेगाने बोलायचे ते ठरवत असतात. पावसाळ्यात जमिनीखालची केबल भिजली की हा वेग अर्ध्यावर येई.

मुख्य अडचण आईचीच होती. आमच्याकडे आतल्या खोलीत त्याच लाइनवरचा दुसरा फोन होता. मी इंटरनेटवर असताना आईने मावशीला फोन करायला तो उचलला, की संबंध तुटलाच! दादाचे पत्र निम्मे येऊन थांबे. शेवटी मी त्या फोनवर एक पुठ्ठा बांधला: ‘मोडेम चालू आहे. उचलू नये.’

पत्रे तरी कशी? आमच्या संगणकाला देवनागरी येत नव्हती. दादा मराठी लिही, पण रोमन अक्षरांत. त्याने लिहिलेला एकच शब्द काल, काळ, कळ आणि कल असा चारही तऱ्हांनी वाचता येई. एकदा त्याने काल पोटात कळ आल्याचे लिहिले. बाबांनी ते ‘पोटात काळ आला’ असे वाचले आणि घरात दोन तास कुणी जेवले नाही.

हे सारे हसण्यावारी नेण्यासारखे होते. एक गोष्ट मात्र तशी नव्हती, आणि ती तेव्हा कुणाच्याच ध्यानात आली नाही. मोडेम चालू असेतोवर आमचा फोन बाहेरच्या जगाला ‘कामात’ लागत असे. आम्हांला अमेरिका दिसत होती आणि वाईहून आम्हांला कुणी हाक मारली असती तर ती ऐकू येत नव्हती.

बाबा विम्याच्या कचेरीत हिशेब खात्यात होते. फोनचा मीटर पडतो म्हणून त्यांनी मोडेमशेजारी एक वही ठेवली होती. तारीख, सुरू केल्याची वेळ, बंद केल्याची वेळ, कारण, असे चार रकाने त्यांनी पट्टीने आखलेले. जो बसेल त्याने लिहायचे.

सप्टेंबर १९९९ मधली ती रात्र. आजी वाईला जुन्या घरी राहत होती आणि आत्या तिच्याजवळ. घरी फोन नव्हता. संध्याकाळपासून आजीला बरे वाटत नव्हते, आणि रात्री दहाच्या सुमारास छातीत दुखू लागले. डॉक्टर आले, "मुलाला कळवा" म्हणाले. आत्या टॉर्च घेऊन चौकातल्या एस.टी.डी.च्या बूथवर गेली. रात्री उशिरा एस.टी.डी.चे दर उतरत, त्यामुळे तिथे गर्दी. नंबर आला तेव्हा फोन कामात. पुन्हा फिरवला, कामात. बूथवाल्याने मधली माणसे थांबवून तिला पुन:पुन्हा फोन लावू दिला. साडेअकरा वाजता त्याने बूथ बंद केला तोवर आमचा फोन कामातच होता. आजीजवळ कुणी नाही म्हणून आत्या घरी परतली.

त्या रात्री दादाचे फोटो यायचे होते. मी आई-बाबा निजल्यावर दहाला दहा मिनिटे कमी असताना मोडेम लावला आणि अकरा पस्तीसला बंद केला. वहीत लिहिले: ‘९.५० ते ११.३५. कारण: दादाचे फोटो.’

पहाटे पाचला आत्याचा फोन लागला. बाबा मिळेल त्या कपड्यांनी स्वारगेटला गेले, पहिली एस.टी. धरली आणि पावणेनऊला वाईच्या घरी पोचले. आजी साडेसातला गेली होती. शुद्धीवर होती. "अण्णा आला का?" असे दोनदा विचारले, असे आत्याने सांगितले. रात्री दहाला फोन लागता तर महामार्गावरची कोणतीही गाडी धरून, सुरूरच्या फाट्यावर उतरून, बाबा दीड-दोनच्या आत आईपाशी असते.

बाबांनी मला काही विचारले नाही. दिवस झाले, ते परत कामावर जाऊ लागले. एवढेच झाले की रात्री आठनंतर मोडेम लावायचा नाही असा नियम त्यांनी आईकडून मला कळवला, आणि ‘मोडेम–मोडेल’चा विनोद त्यांच्या तोंडून त्यानंतर कुणी ऐकला नाही.

दुसरा मोडेम आला २००५ साली. सरकारने ऑक्टोबर २००४ मध्ये ब्रॉडबँडचे धोरण जाहीर केले आणि सेकंदाला निदान २,५६,००० बिट नेणाऱ्या सततच्या जोडणीला ब्रॉडबँड म्हणायचे असे ठरले. तार तीच, जुनी तांब्याची. पण आपले बोलणे त्या तारेतला तळाचा छोटा पट्टाच वापरते. त्याच्या पुष्कळ वरचे कंपनांचे पट्टे मोकळेच पडून होते. नवा मोडेम वरच्या पट्ट्यातून बोले. भिंतीपाशी आगपेटीएवढी एक डबी बसवली, की ती बोलणे आणि इंटरनेट वेगळे करून दोन वाटांनी सोडी. बसवायला आलेल्या माणसाला बाबांनी एकच प्रश्न विचारला: "हे चालू असताना फोन लागतो ना?" "लागतो की," तो म्हणाला. बाबांनी तरीही त्याला खाली दुकानात पाठवून तिथून फोन करायला लावला. घंटा वाजली. बाबा उचलून "हां, बरं" एवढेच म्हणाले. मी त्या डबीकडे पाहत राहिले. केवढीशी ती डबी!

यंदा तिसरा. आमच्या भागातली तांब्याची तार बंद होणार, त्याऐवजी काचतंतूची जोडणी घ्या, नंबर तोच राहील, असा निरोप आला. बाबा आता ब्याऐंशीचे आहेत. मोबाइल त्यांच्याकडे आहे, पण तो खिशात असताना त्यांना ऐकू येत नाही आणि ऐकू आला तर खिशातून वेळेवर निघत नाही. नातेवाइकांना तोंडपाठ आहे तो घरचाच नंबर. तेव्हा जोडणीच्या दिवशी मी रजा टाकून हजर राहिले.

काम करायला आलेला मुलगा विशीतला, हुशार आणि बोलका होता. त्याने दाखवलेला काचेचा तंतू पाहून आई थक्क झाली. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड. या तंतूत प्रकाश ज्या गाभ्यातून धावतो तो अवघा ९ मायक्रॉनचा. इतक्या शुद्ध काचेतून प्रकाश मैलोन्‌मैल नेता येईल, हे चार्ल्स काव या शास्त्रज्ञाने १९६६ साली मांडले आणि त्यासाठी २००९ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्या मुलाने तंतूची दोन टोके एका छोट्या यंत्रात समोरासमोर ठेवली, विजेची ठिणगी पाडली, आणि काच वितळून तंतू सांधला गेला. मग मापकावर प्रकाश मोजला. आकडा उणे २० च्या आसपास आला. तो उणे २७ च्या खाली घसरला की कुरकुर सुरू होते असे तो म्हणाला. तुमच्याकडे जोडणी होईल तेव्हा हा आकडा विचारून लिहून ठेवा. पुढे तक्रार करायची वेळ आली तर तो फार कामाला येतो.

आणखीही काही गोष्टी त्या दिवशी शिकले, त्या सांगून टाकते. तंतू दाराच्या चौकटीवरून काटकोनात दुमडू नका. आईच्या बांगडीएवढा तरी वळसा असू द्या, नाहीतर प्रकाश वळणावरच सांडतो. त्याच्या टोकात डोळा लावून पाहू नका. तो प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला चांगला नव्हे. मोडेमवर तांबडा दिवा लागला तर प्रकाश येत नाही, म्हणजे दोष बहुधा बाहेरच्या तंतूत आहे. उगाच घरातला संगणक उघडू नका. पेटी घराच्या मध्यावर, उंच आणि उघड्यावर ठेवा. आईला ती लोखंडी कपाटामागे हवी होती, ‘दिसायला बरी नाही’ म्हणून. पण लोखंड, आरसा आणि पाण्याची टाकी यांच्यापुढे वाय-फायचे काही चालत नाही. मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात काम करतो, त्याच्या शेजारी नको. आणि पेटीच्या तळाला छापलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. वाय-फायचा वेगळा आणि पेटीच्या आतल्या मांडणीचा वेगळा, असे दोन असतात. बहुतेक लोक पहिला बदलतात आणि दुसरा विसरतात. घराला कुलूप लावून किल्ली पायपुसण्याखाली ठेवण्यातलाच तो प्रकार.

सगळे झाले. मुलगा हत्यारे आवरू लागला. बाबा इतका वेळ खुर्चीत बसून पाहत होते. त्यांनी विचारले, "वीज गेली तर फोन चालेल?"

"नाही चालणार, आजोबा. मोडेमला वीज लागते ना! पण आता सगळ्यांकडे मोबाइल असतो."

"आधीचा चालायचा."

बाबांचे खरे होते. तांब्याच्या तारेतून टेलिफोन एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांचा ४८ व्होल्टचा प्रवाह घरापर्यंत येत असे. गावभर अंधार असला तरी फोन जिवंत राही. काचेतून प्रकाश येतो, वीज येत नाही. नवी वस्तू शंभर गोष्टी देते आणि एखादी गोष्ट न बोलता काढून घेते; काढून घेतलेली कोणती ते विचारायचे आपल्याला सुचत नाही. बाबांना सुचले. का सुचले ते मला ठाऊक होते.

उपाय सोपा निघाला. मोडेमसाठी हातात मावेल एवढी बॅटरी मिळते. आपल्या मोडेमच्या अडॅप्टरवर किती व्होल्ट आणि किती अँपिअर लिहिले आहे ते पाहायचे (आमच्याकडे १२ व्होल्ट होते), तेवढ्याच व्होल्टची आणि निदान तेवढ्या अँपिअरची बॅटरी आणायची आणि मध्ये जोडायची. वीज गेली तरी मोडेम काही तास चालतो. एक खात्री मात्र आधी करून घ्यावी. आमच्या जोडणीत एक्स्चेंजपासून घरापर्यंत वाटेत कुठेही वीज लागत नाही. प्रकाश वाटून देणारी पेटी नुसत्या काचेची असते. पण काही ठिकाणी इमारतीच्या गच्चीवर विजेवर चालणारे यंत्र बसवलेले असते. तसे असेल तर इमारतीची वीज गेल्यावर आपल्या घरच्या बॅटरीचा उपयोग नाही. बसवणाऱ्याला स्पष्ट विचारा.

दुसऱ्या दिवशी बॅटरी आणली. ती ठेवायला जागा करावी म्हणून जुन्या फळीवरचा पसारा उतरवला, आणि तळाशी ती वही सापडली. पट्टीने आखलेले चार रकाने. पान शोधायला लागले नाही. वही त्याच पानावर उघडली. ‘९.५० ते ११.३५. कारण: दादाचे फोटो.’ माझेच अक्षर.

वाचकहो, ओझे म्हणाले होते ते हे. मी वही घेऊन बाबांसमोर जाऊन बसले.

"बाबा, त्या रात्रीचं एक सांगायचं राहिलंय."

त्यांनी वहीकडे पाहिले. "सांग."

"यात लिहिलंय ते खरं नाही. फोटो दहा मिनिटांत आले होते. पुढे मी मैत्रिणींशी गप्पा मारत बसले होते. कामाचं काही नव्हतं. नुसत्या गप्पा. दुसऱ्या दिवशी सांगायची हिंमत झाली नाही, आणि मग राहूनच गेलं."

बाबांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा लावला.

"फोटो चार होते," ते म्हणाले. "माझा उभा जन्म हिशेबात गेला. चार फोटोंना पावणेदोन तास लागत नाहीत, एवढं मला तेव्हाही कळत होतं."

"मग तुम्ही विचारलं का नाहीत?"

"विचारून आई भेटणार होती का? राग आला होता, नाही असं नाही. चांगला सहा महिने होता. तुझ्यावर होता, त्या डबीवर होता. पण खालच्या जोशांकडे फोन होता की! त्यांचा नंबर मी वाईला कधी लिहून दिला नव्हता. म्हातारी आई गावी ठेवायची आणि एकाच नंबरवर विसंबायचं, हा हिशेब माझा चुकला. तुझ्या एकटीच्या नावावर कसा मांडू?"

मला काही बोलवेना. आई दारात उभी होती. तिने पदर डोळ्यांना लावला आणि चहा टाकायला आत गेली.

"आता ती बॅटरी चालते का बघ," बाबा म्हणाले.

आत्या आता अठ्ठ्याहत्तरीची आहे, वाईलाच भाच्याकडे असते. मी तिला मोबाइलवरून सांगितले, "पाच मिनिटांनी घरच्या नंबरवर फोन कर." मग घराची मुख्य कळ खाली केली. पंखे थांबले, फ्रिजची घरघर बंद झाली. अंधारात मोडेमचे हिरवे दिवे तेवढे टुकटुकत राहिले. आम्ही तिघे त्यांच्याकडे पाहत बसलो.

घंटा वाजली. बाबांनी दुसरी वाजू दिली नाही.

"अण्णा," पलीकडून आत्याचा आवाज मला खोलीभर ऐकू आला. तिला कमी ऐकू येते म्हणून ती मोठ्याने बोलते. "लगेच लागला की रे फोन!"

"लागणारच," बाबा म्हणाले. "रात्री-बेरात्री कधीही कर." आणि पुढे त्यांनी आत्याला शेजाऱ्यांचे, माझे आणि दादाचे असे तीन नंबर वहीतून सावकाश, दोनदोनदा वाचून दाखवले.

या दिवाळीला तुमच्या घरी नवा मोडेम येत असेल तर अवश्य येऊ द्या. त्याचा वेग विचारा, किंमत विचारा, पासवर्ड बदला. पण कळ दाबून एकदा अंधार करा, आणि त्या अंधारात गावाकडच्या माणसाला तुम्हांला फोन करायला सांगा. घंटा वाजली, तर मोडेम नीट बसला असे समजा.